सरकीची पुरचुंडी

सहा वर्षांची झाली तरी नातीनं मला कधी हाक मारली नाही. गावानं तिला आधी मुकी म्हटलं, मग लाडावलेली. अंगणवाडीवालीनं 'येईल हळूहळू' म्हणत तीन वर्षं काढली. शाळेत घातल्यावर वर्ग चालावा म्हणून मी तिच्यासोबत सरकीची पुरचुंडी देऊ लागले. कापसाचं ते बी हाती आलं की ती तासन्‌तास रांगा लावत बसते, हूं की चूं करत नाही. ऑटिझम हा शब्द पहिल्यांदा गुरुजींनीच सांगितला. अशा मुलांना शिकवणाऱ्या वेगळ्या बाई शाळेत येतात म्हणाले, पण जिल्ह्याच्या दवाखान्याचा दाखला आणला तरच.

घाटंजीहून यवतमाळ काही परदेश नाही. पण पहिल्या खेपेला कळलं, तपासणाऱ्या मॅडम फक्त मंगळवारी बसतात. दुसऱ्या खेपेला मंगळवार होता, तर मॅडम रजेवर. हे आधी विचारायला दवाखान्यात फोन आहे. तो कोणी उचलत नाही.

तिसऱ्या खेपेला मीच माती खाल्ली.

परक्यापुढे घरातलं उघडं करायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी नातीला न्हाऊ घातलं, तेल लावून दोन वेण्या घातल्या, नवा फ्रॉक चढवला आणि पुरचुंडी सोबत घेतली. तिनं मॅडमच्या टेबलाखालून भिंतीपर्यंत सरकीची रांग लावली. मॅडम विचारत होत्या आणि सोबत आलेल्या सुनेला मी तोंड उघडू दिलं नाही. हातानं जेवते? जेवते जी. झोपते नीट? झोपते जी. घराबाहेर पळत तर नाही? नाही जी, शहाणी आहे.

कागदावर आलं, त्रास सौम्य आहे, दाखल्यापुरते अपंगत्वाचे टक्के भरत नाहीत.

बसस्टँडवर सून फुटली. "आत्याबाई, तुमी पोरीचं लगन जमवाले आणलं होतं का तिले?"

"मंग काय चारचौघात अब्रू घालवू?"

"अब्रू येनार हाये का शाळेत तिले शिकवाले?"

मी पुरचुंडी पिशवीच्या तळाशी कोंबली.

पुन्हा तपासायला काही महिने थांबा, दवाखान्यातले म्हणाले. थांबलो. या वेळी सरकी घरी ठेवली. एसटीत घंटी वाजली की पोरगी किंचाळायची. मागची बाई म्हणाली, "पोट्टीले दोन ठेवून द्या ना जी."

"तुमाले देऊ का?" मी म्हटलं.

मॅडमच्या खोलीत तिनं खुर्ची पाडली आणि माझ्या मनगटाला कडकडून चावली. मग मी सगळं सांगितलं. दूधभाताशिवाय काही खात नाही, तोही मी भरवते. झोपेचा पत्ता नसतो. दोनदा विहिरीच्या काठावरून ओढून आणली आहे. एवढं मी कधी शेजारणीलाही सांगितलं नव्हतं.

दाखला मिळाला. दुसऱ्या दिवशी तो घेऊन शाळेत गेले. गुरुजींनी वाचला आणि घडी करून परत दिला.

"नाव वर पाठवतो, आजी. बाई एकच आहेत, तालुका मोठा. दिवाळीनंतर चौकशी करा."

"दिवाळीनंतर कायले?" मी म्हटलं. "बाई येतपर्यंत मी नातीले रोज पाठवतो. पन उद्यापासून सरकी देनार नाही."

गुरुजींनी माझ्या मनगटावरच्या दातांच्या वणांकडे पाहिलं आणि खिशातून फोन काढला.