टेकडीवरचे दगड आणि ह्यांचा उजवा हात

आधीच सांगते, मी शाळेत सायन्स शिकवते. अंगात येणं, नजर लागणं... असलं काही ऐकलं की माझं डोकं फिरतं. तरी लिहितेय, कारण रोज सकाळी डोळ्यांसमोर घडतंय.

आमचं शेत संग्रामपूरहून सातपुड्याकडे जाताना, नाल्याकाठी. शेजारी मुरमाची बुटकी टेकडी. माझे मिस्टर ड्रॉइंग मास्तर. त्यांना तिथं गारगोटीची छोटी पाती सापडायला लागली — शेती माहीत नव्हती तेव्हाच्या, शिकारीवर जगणाऱ्या माणसांनी घडवलेली. धार अशी, की मी एकाने भेंडी चिरून पाहिली! तज्ज्ञ येईपर्यंत टेकडी टिकावी, एवढाच ह्यांचा ध्यास.

पण टेकडी वाटणीत धाकट्या दिराकडे गेलेली. राजूभाऊजींना ती सपाट करून संत्रा लावायचा होता. अर्ज झाले, विनवण्या झाल्या. शेवटी ह्यांनी एका दगडाला शेंदूर फासला आणि गावात उठवून दिलं — इथला दगड नेईल त्याचा हात लुळा पडेल. हे आमच्याच स्वयंपाकघरात ठरलं. ह्यांना 'डोळे जातील' असं उठवायचं होतं, मीच म्हटलं, "ते जास्त होईल, हात बरा."

गाव टरकलं. भाऊजी नाही. भर दुपारी जेसीबी आणला. हे आडवे गेले.

"राजू, देवाचं ठिकाण हाय बे. काऊन उकरून राह्यला?"

"दादा, तुहा देव मले माईत हाय. शेंदराची पुडी माह्याच दुकानातून नेली तू."

शेंदराचा दगड तेवढा बाजूला ठेवला, बाकी टेकडी ट्रॉल्या भरभरून रस्त्याच्या भरावात. भाऊजींना साधं खरचटलंही नाही.

संध्याकाळी ह्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप पडला. मग खडू... मग ब्रश. अकोल्याला दाखवलं, सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, धक्का बसलाय. मीही तेच धरून बसले. पण एकदा सहज एक पातं त्यांच्या तळव्यावर ठेवलं — बोटं घट्ट मिटली. सोडवताना माझं बोट चिरलं. लगेच ग्लास दिला, तर हात पुन्हा मेलेला.

तज्ज्ञांना दाखवायला बिस्किटाचा डबाभर दगड ह्यांनीच घरी आणले होते ना...

"परत ठेवून ये," हे म्हणाले. मी डबा घेऊन गेले. टेकडीच्या जागी संत्र्याची रोपं. शेंदराच्या दगडाला भाऊजींनी ओटा बांधलेला, नारळांचा ढीग.

"वहिनी, तुमचा देव खराच निंघाला. दादाचा हात पाहून लोकं दुरून येऊन राह्यले."

"हे दगड कुठं ठेवू?"

"आता कायले? टेकडी त गेली रस्त्याखाली."

ज्यांनी टेकडी खाल्ली ते धडधाकट, आणि ज्यांनी जपली त्यांचाच हात का? मला आजही सांगता येत नाही. नुसता संताप येतो.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "ठेवले?"

मी हो म्हटलं. डबा माझ्या साड्यांखाली आहे. आणि हे रोज सकाळी उठून उजवी मूठ वळते का बघतात.