मोगामीचा मागचा डेक

एसटी आंबोलीचा घाट उतरायला लागली, डाव्या डोळ्यावर ऊन आलं आणि समोरच्या सीटवरच्या बाईंचा गजरा मला दिसेनासा झाला. नुसता पांढरा धूर. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेलाय. काचबिंदू. डावाही त्याच वाटेवर आहे, आणि डॉक्टरांनी गोड बोलून सांगितलंय की बारीक काम असेल तर या वर्षात उरकून घ्या. बारीक काम! मी कोल्हापुरात चाळीस वर्षं फाउंड्र्यांसाठी लाकडी साचे केले. बारीक काम सोडून मला दुसरं येतं काय?

निवृत्त झाल्यापासून मी जपानी युद्धनौकांच्या प्रतिकृती करतो. लोक विचारतात, जपानीच का? अहो, एवढी देखणी आणि एवढी विचित्र जहाजं दुसऱ्या कुणी बांधलीच नाहीत. सध्या टेबलावर 'मोगामी' आहे. एक मीटर लांब, सागवानी. पुढची तीन तोफघरं झाली, मनोरा झाला. मागचा भाग बोडका आहे. या क्रूझरनं युद्धात सपाटून मार खाल्ला, तेव्हा तिच्या मागच्या तोफा काढून तिथं विमानं ठेवायचा डेक बसवला. त्या डेकवर रूळ होते, विमानं फिरवायच्या चकत्या होत्या. ते नेमके कुठं, कसे, हे कुणी धड सांगत नाही. युद्ध हरल्यावर जपान्यांनी स्वतःचे नकाशे ढिगांनी जाळले. एक पुस्तक रुळांची एक जागा सांगतं, दुसरं दुसरीच. परदेशातून टपालानं नकाशा मागवला, तर तो निघाला जहाज नवं असतानाचा. आठ महिने तो डेक तसाच पडून आहे. अंदाजानं साचा करणारा माणूस मी नव्हे. अंदाजानं केलेल्या साच्यातून पंप बाहेर पडतो आणि मग तो आयुष्यभर गळतो.

अशात आमच्या मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर म्हापशाच्या एका गृहस्थांनी एक जुना फोटो टाकला. डिचोलीच्या खाण ऑफिसातला ड्राफ्ट्समन बोर्डावर वाकलाय, आणि त्याच्या कोपराखाली जहाजाची शेपूट. भिंग लावून बघितलं. रूळ! चकती! मागचा डेक! खाली लिहिलेलं, 'आमचे दत्तारामबाब, घरचा पत्ता कुणाला माहीत नाही.' दोन दिवस मी त्या फोटोसमोरून उठलो नाही. बायको म्हणाली, "जावा एकदाचं, न्हाईतर हितं भिताडाकडं बघत बसशीला."

म्हापशाला बस बदलून दुपारी डिचोलीत उतरलो. भूक लागली होती. स्टँडजवळ पातळ भाजी आणि उंडो (बाहेरून कडक, गोल पाव) खाल्ला. भाजी झकास होती, पण चित्त ठिकाणावर नव्हतं. गावात नकाशांच्या निळ्या प्रती काढणारं जुनं दुकान होतं म्हणून ऐकलेलं. दुकान आहे, पण आता तिथं आधार कार्डाला प्लास्टिक लावून मिळतं. मालक पन्नाशीचे, चष्मा कपाळावर.

"ट्रेसिंग? आता कोण करता मरे ट्रेसिंग? सगळा कंप्युटरार."

"दत्तारामबाब म्हणून ड्राफ्ट्समन होते, खाण ऑफिसात."

"होते म्हणजे? आसत! पण डोळे गेले त्यांचे. साखर. मयेंत घर त्यांचं, तळ्याच्या वाटेर."

डोळे गेले त्यांचे. मी काउंटरला धरून उभा राहिलो. मालकांना वाटलं मला ऊन लागलं, त्यांनी पाणी दिलं.

मयेला जायला पायलट (भाड्यानं मोटारसायकलवर नेणारा) केला. वाटेत खाणींचे जुने तांबडे ढीग, त्यांच्यावर रान माजलेलं, मध्येच एखाद्या खड्ड्यात साठलेलं हिरवंगार पाणी. एके काळी इथलं खनिज बोटी भरभरून जपानला जायचं. पायलट म्हणाला, त्याचे वडील ट्रक चालवायचे, तो आता पर्यटक वाहतो. तळं आलं, गाडी थांबली, आणि मला जमीन जिथं वाटली तिथं ती नव्हती. सपशेल आडवा झालो. गुडघा फुटला, पँट फाटली.

"बाब, दिसना काय तुमकां?" पायलटनं उचलत विचारलं.

"दिसतंय की!" मी खेकसलो. खोटं बोललो. एका डोळ्याला खोली कळत नाही, हे परक्या माणसाला काय सांगायचं?

घराला कुलूप. शेजारच्या बाईंनी जखमेवर हळद दाबली आणि सांगितलं की दत्तारामबाब बायको वारल्यापासून लेकीकडं असतात, पेडणे तालुक्यात इब्रामपूरला. रात्र डिचोलीच्या एका लॉजवर काढली. सकाळी दोडामार्गाकडून इब्रामपूर गाठलं. काजूला मोहोर होता, वास नाकात बसत होता. केळीच्या बागा, पोफळी, कौलारू घरं. दुसऱ्या कुठल्या कामाला गेलो असतो तर दोन दिवस राहिलो असतो.

दत्तारामबाब ओट्यावरच बसले होते. शहाऐंशी वर्षांचे, ताठ, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन्सिली. टोक केलेल्या! मी कोण, कुठून, कशासाठी आलो ते सांगितलं, आणि त्यांच्या तोंडावर जो आनंद आला तो मला आजही सोसत नाही.

"मोगामी! कोल्हापूरसून माणूस आयलो मोगामीसाठी! सुलू, च्या ठेव गो!"

सुलू म्हणजे त्यांची मुलगी सुलोचना, पंचेचाळिशीची. ती दारात येऊन माझ्याकडं बघत राहिली. मग आत गेली आणि चहाला तिनं बराच वेळ लावला.

मग बाबांनी सगळं सांगितलं. खनिज घ्यायला जपानी लोक यायचे. त्यात एक इंजिनिअर होता, पोरवयात जहाजाच्या कारखान्यात आरेखक होता. त्याच्याकडं या जहाजाच्या प्रती होत्या, जाळण्यातून वाचवलेल्या, देव्हाऱ्यातल्या पोथीसारख्या जपायचा. आठ दिवस त्यानं त्या उसन्या दिल्या. "ऑफिस सुटल्यार मी बसायचो. खळ दिलेल्या, आरपार दिसणाऱ्या ट्रेसिंगच्या कापडावर, चिनी शाईनं. सात शीटं. त्याला इंग्लिश येत नव्हतं, मला जपानी. आकडे मात्र दोघांनाही यायचे. सातवं पुरं झालं तेव्हा त्यानं माझा हात हातात धरला आणि रडलो मरे तो."

"आणि ती शीटं?" मी पुढं सरकलो.

"आसत! पत्र्याच्या नळीत. मोगामी ती, कुणाक देतलो मी?"

नळी आणायला ते भिंत चाचपत खोलीत गेले, आणि सुलूताईंनी मला स्वयंपाकघरातून हात केला. "भाऊ, जरा भितर येवा." आत गेलो तर त्यांचे डोळे भरलेले.

"तां कापड नाय आता. आईन उकळल्यान."

मला कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. इकडं बाळाला पहिले दिवस नवं कापड घालत नाहीत, जुनं मऊ लागतं. खाणीवाल्या ड्राफ्ट्समनांच्या घरात त्यासाठी ट्रेसिंगचं कापड असायचं. ऑफिसात जुने झालेले नकाशे घरी आणायचे, सोडा घालून उकळायचे, खळ जाते, शाई जाते, आणि खाली उरतं असं तलम सुती कापड की बाजारात मिळणार नाही. तालुक्यातली निम्मी पोरं खाणींच्या नकाशांत गुंडाळलेली. सुलूताईंना नऊ वर्षांपूर्वी मुलगी झाली, फार उशिरा, नवसासायासानं. ऑफिस केव्हाच बंद. घरात तेवढंच कापड उरलेलं. बाबांची दृष्टी त्याआधी दोन वर्षं गेली होती. आई म्हणाली, ह्यांका आता दिसत नाय, कोण बघता त्या बोटीक? आणि सातही शीटं हंड्यात घातली.

"बाबांका ठावक नाय. आईन मांजरपाटाचे सात तुकडे कापले, पेजेची खळ घातली, इस्त्री केली नि नळीत ठेवले. ते हातान बघतत ना! ती गेली, आता मी करतंय. पाऊस सरलो की नरम पडतत, पुन्हा खळ घालूची लागता. भाऊ, तुमच्या पायां पडतंय, सांगू नकात."

च्यायला, हंड्यात! जपान्यांनी जाळलं त्यातून जे वाचलं, एका माणसानं आठ रात्री जागून उतरवलं, ते सोडा घालून उकळलं! त्या मेलेल्या बाईचा मला आलेला संताप गिळून मी एवढंच विचारलं, एखादा तुकडा तरी उरलाय का? सुलूताईंनी ट्रंकेतून एक झबलं काढलं, मुलीचं पहिलं. बाकीची फाटून गेली होती. मी भिंग लावलं. शिवणीच्या आत दुमडलेल्या जागी शाई पुरती गेली नव्हती. बोटभर लांबीच्या दोन समांतर रेघा. रूळ! पट्टी काढली, दोन रुळांतलं अंतर मोजलं, वहीत लिहिलं. लिहून झालं आणि डोक्यात प्रकाश पडला, कापड उकळल्यावर आटतं. किती आटलं, कोण सांगणार? एकुलतं एक माप, तेही गेलं. मी लिहिलेलं खोडलं.

"होया तर घेवन जावा तां," त्या म्हणाल्या. पोरीचं पहिलं झबलं! मी ते घडी घालून त्यांच्या हातात परत दिलं.

बाहेर दत्तारामबाब नळी उघडून तयार. मेजावर पहिला तुकडा पसरला, कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. पांढरं, कडक, कोरं कापड. त्यावर त्यांचं बोट फिरायला लागलं.

"हा पहा मागचा डेक. इथसून रूळ सुरू. इथं चकती. दिसता मां नीट?"

"दिसतंय," मी म्हणालो.

"लिहून घ्या."

लिहून घेतलं. त्यांना एकेक माप तोंडपाठ होतं, एकदाही अडखळले नाहीत. माझ्या मनात वेडी आशा उगवली. डोळे गेले म्हणून काय झालं, डोक्यात तर जहाज आहे! पडताळा घ्यावा म्हणून मला पक्कं ठाऊक असलेलं माप विचारलं, जहाजाची सर्वांत जास्त रुंदी. त्यांनी झटकन सांगितली. माझ्या प्रतिकृतीवर धरलं तर आठ मिलिमीटरनं कमी, म्हणजे चूक. पुढच्या तोफघराचा घेर विचारला. तोही चूक. आणि चुकाही एका प्रमाणात नव्हेत, की गुणून काढता येतील. कुठल्या तरी खाणीच्या नकाशातले आकडे, कुठल्या तरी पुलाचे, सगळे त्या अंधारात एकमेकांत मिसळले होते. तरी बोट कसं ठाम! मी त्या बोटाकडं बघत होतो. वर्षानं मी हेच करणार. कोरी फळी समोर घेऊन कुणा पाहुण्याला सांगणार, हे बघा, दिसतंय ना नीट?

सातही तुकडे झाले. दोन तास लागले. सगळं लिहून घेतलं, एक आकडा सोडला नाही. सोडला असता तर त्यांना पेन्सिलीचा आवाज थांबलेला कळला असता.

जेवायला मानकुराद नव्हता म्हणून त्यांनी माफी मागितली, अजून हंगाम यायचाय म्हणून. तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, सोलकढी, उकड्या तांदळाचा भात. सुलूताई बघत होत्या म्हणून दोनदा भात घेतला. निघताना बाबांनी माझे दोन्ही हात धरले. "पुरी झाली की हाडा, हांगा घेऊन या. मी हातान बघतलो. तो जपानी तर मेला असणार. दुसरा कोण आसा आता, मोगामी वळखणारा?"

पत्रादेवीला राज्याची हद्द ओलांडेपर्यंत मी रुमालानं तोंड झाकून बसलो होतो. शेजारच्यानं विचारलं, बस लागते काय? मी मान हलवली.

घरी आल्यावर बायकोनं एवढंच विचारलं, "गावलं का?" मी नाही म्हणालो आणि दोन दिवस कारखान्याच्या खोलीत गेलो नाही. गेलो तेव्हा दत्तारामबाबांची मापं लाकडावर मांडून बघितली. डेक माझ्या जहाजावर बसतच नाही. एका बाजूला लोंबतो, दुसऱ्या बाजूला पोकळी राहते. त्यांच्या मापानं डेक करायचा तर खालचं जहाजही तासून त्यांच्या मापाचं करावं लागेल. दोन वर्षं खपून केलेलं काम तासून टाकायचं. एवढं बरोबर काम मी जन्मात केलं नव्हतं.

दर रविवारी सुलूताईंच्या फोनवरून त्यांचा फोन येतो. कुठवर आलं? मी सांगतो, रूळ बसवतोय. गेल्या रविवारी त्यांचा आवाज बारीक झाला होता. साखर वाढलीय, पायाची जखम भरत नाही. "मे महिन्यापर्यंत हाडशात मां?" म्हणाले. मी हो म्हणालो. फोन ठेवला, आणि मला कळेना की मी कुणाची फसवणूक करतोय. खरा डेक कसा होता ते आता जगात कुणालाच सांगता येणार नाही, आणि मला तर अजून थोड्या दिवसांनी बघताही येणार नाही. बोटांनी बघणारा एक म्हातारा तेवढा आहे, आणि त्याच्या बोटांना चुकीचं जहाज पाठ आहे.

सोमवारी सकाळी उजेड चांगला होता. मोगामी उलटी करून शिकंज्यात आवळली, त्यांच्या आकड्यांची वही डाव्या बाजूला ठेवली, आणि दोन्ही कुशींकडून मिळून आठ मिलिमीटर तासायला रंधा लावला.