बाबीणीचे शिष्य

मांजरीला गुरू करून त्या विद्येवर आयुष्यभर नोकरी करणारा माणूस साऱ्या मुंबईत एकच निघाला, आणि तो नेमका आमच्याच घराचा जावई झाला. आमचे भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, तिला बघायला आले तेव्हा स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं काहीही त्यांनी विचारलं नाही. पोह्यांची बशी हातात धरून, मान जराशी तिरकी करून ते एवढंच म्हणाले, "आमच्याकडे एक मांजर आहे. तिचं मत घ्यावं लागेल." माझ्या वडिलांना वाटलं, मुलगा विनोदी आहे. पुढच्या रविवारी आम्ही सगळे करी रोडला त्यांच्या चाळीत गेलो, तेव्हा कळलं की मुलगा पूर्ण गंभीर होता. मांजर आली, ताईभोवती एक फेरी मारली, तिच्या हातांचा वास घेतला आणि थेट साडीच्या निऱ्यांवर आडवी झाली. "झालं," भावोजी म्हणाले, "आता पत्रिका काढायची गरज नाही." निघायच्या आधी ताईने घरी सुरमई साफ केली होती, हे सत्य मात्र तिने लग्नाला बरीच वर्षं होईपर्यंत पोटात ठेवलं.

या मांजरीचं नाव बाबीण. सुताच्या बाबीणीसारखीच ती दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये गरगरीत होती. भावोजींचे वडील, आबा, गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. कापडाच्या गोदामात उंदीर होतात म्हणून गिरणीत मांजरं असायची. गिरण्यांचा संप लांबला, गेट बंद झालं, आणि खायला काही उरेना तेव्हा ती मांजरं आसपासच्या चाळींत शिरली. त्यातली ही एक आबांच्या दारात येऊन बसली. घरात तेव्हा माणसांनाच दोन वेळचं मिळण्याची मारामार. पण आबा म्हणाले, "ती पण संपकरीच आसा. तिका भायर कसा काढू?" आणि आपल्या ताटातला बांगड्याचा तुकडा त्यांनी तिच्यापुढे ठेवला. संप संपला असं कुणी कधी धड सांगितलंच नाही. गिरणी उघडली नाही आणि बाबीण गेली नाही. आबा खुर्चीत आणि बाबीण आबांच्या मांडीवर, असं त्या खोलीचं चित्र कायमचं ठरून गेलं.

भावोजी औषधशास्त्र शिकलेले. परळच्या एका गल्लीत औषधांची छोटी कंपनी होती, तिथे ते नोकरीला होते. तिथलं काम मोठं चमत्कारिक. नुसतं औषध नाही, नुसतं यंत्र नाही, दोन्हींची जोडगोळी बनवायची. औषध लावलेली पट्टी, औषध भरलेली सुई, औषध ओढून घ्यायची नळी, असं काहीतरी. कंपनीत औषधवाल्यांचं एक खातं आणि यंत्रवाल्यांचं दुसरं, आणि दोघांत विहिणींसारखा मानापमान. वस्तू बिघडली की औषधवाले म्हणत, डबी वाईट. डबीवाले म्हणत, औषध दमट. भावोजी दोघांच्या मधले. त्यांच्या मते हे भांडण जगात फक्त बाबीणीला कळलं होतं. एकदा तिला जंताची गोळी द्यायची होती. भावोजींनी ती बोंबलात लपवून दिली. बाबीणीने बोंबील काट्यासकट खाल्ला आणि गोळी, धुवून ठेवावी तशी स्वच्छ, लादीवर ठेवली. दुसरा कुणी असता तर वैतागला असता. भावोजी ती गोळी चिमटीत धरून दुसऱ्या दिवशी मीटिंगला घेऊन गेले. "ही बघा," ते म्हणाले, "आपली जोडणी अशीच कच्ची आहे. मांजर ज्याचे दोन भाग करू शकते, ती एक वस्तू नव्हे." साहेब शांत माणूस. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "तुमची मांजर कुठल्या खात्यात दाखवू? औषध की यंत्र?"

त्यानंतर तर धरबंदच राहिला नाही. कंपनीत नवीन डबी झाली की भावोजी ती घरी आणून फळीच्या कडेवर ठेवायचे. बाबीण फळीवर चढायची, डबीकडे बघायची, मग आपल्याकडे बघायची आणि आपल्या डोळ्यांत डोळे घालून ती डबी पंजाने खाली ढकलायची. "कंपनीत वस्तू पाडून बघायचं यंत्र आहे," भावोजी मला समजावत, "पण त्या यंत्राला दुष्ट बुद्धी नाही. रोगी माणूस वस्तू कशी पाडतो? वैतागून पाडतो. हिच्यासारखी." औषध देताना माणसाने शीळ घालू नये, हाही त्यांचा एक सिद्धांत होता. बाबीणीला औषध द्यायचं असलं की ते सहज आल्यासारखं दाखवायला शीळ घालत येत, आणि शीळ ऐकताच बाबीण माळ्यावर. यावरून रोग्याशी डॉक्टरने फार गोड बोलू नये इथपर्यंत ते पोचले होते. ताई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "एवढं शिकलात, त्यापेक्षा तिला नोकरीला पाठवा आणि तुम्ही उंदीर धरा."

पण मित्रहो, या सगळ्या सोंगाखाली एक गोष्ट होती, आणि घरात सगळ्यांना ती ठाऊक होती. आबांची छाती. वर्षानुवर्षं कापसाची धूळ ओढून ती भात्यासारखी वाजायची. आधी ते नाक्यावर जात, तिथे गिरणीतले जुने सोबती जमत. मग जिना चढताना मधल्या मजल्यावर बसू लागले. मग उतरणंच बंद झालं. डॉक्टरांनी दाबून ओढायचा पंप दिला होता, तो घेतला तर बरं वाटेल असं बजावून सांगितलं होतं. आबा म्हणायचे, "घेतंय, घेतंय," आणि घ्यायचे नाहीत. कंपनीत लोकांच्या छातीसाठी नळ्या बनवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात बाप खुर्चीत बसून धापा टाकत होता. भावोजींनी काय काय केलं! तोंडाशी धरायचा भाग मोठा असेल म्हणून दुपारी आबा डुलकी घेत असताना दोऱ्याने त्यांच्या ओठांचं माप काढलं. रंग आवडत नसेल म्हणून पंपाला निळं टोपण बसवलं. दाबणं आणि ओढणं एका वेळी जमत नसेल म्हणून समोर उभं राहून हातवारे करत स्वतः धापा टाकून दाखवल्या. शेजारच्या खोलीतल्या बाई धावत आल्या. त्यांना वाटलं, मुलालाही लागण झाली.

एका रविवारी मी तिथे जेवायला होतो. भावोजी त्या दिवशी हट्टालाच पेटले. "आबा, माझ्यासमोर घ्या. आत्ता." आबांनी मांडीवरच्या बाबीणीकडे बघितलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पंप तोंडाशी नेला. फुस्स! बाबीण हवेत उडाली ती आबांच्या हातावर ओरखडे काढून थेट माळ्यावर. आबांनी पंप खिडकीत ठेवून दिला.

"बगलंस?" ते म्हणाले. "तो फुसकारलो की ती पळता. मगे दिसभर माज्याकडे येणा नाय."

"म्हणून तुम्ही औषध घेत नाही?" भावोजींचा आवाज चिरकला. "मांजर रुसते म्हणून?"

"दिसभर माज्याकडे दुसरा कोण बसता रे?"

मग ताई आतून म्हणाली, "अहो, कुकर फुसफुसला तरी ती माळ्यावर जाते. हे एवढं मात्र तुमच्या गुरूने तुम्हाला शिकवलं नाही?"

भावोजींचं तोंड त्या क्षणी मी पाहिलं. बोंबलातून, फळीवरून, शिळेतून त्यांनी शास्त्रं काढली होती आणि रोज डोळ्यांसमोर पळणारी मांजर त्यांना दिसली नव्हती.

त्यानंतर कंपनीत त्यांनी एकच धोशा लावला: आवाज न करणारी नळी. गॅस नको, दाबणं नको. कॅप्सूल नळीत ठेवायची, फिरवून उघडायची आणि पूड एका दमात आत ओढायची. औषधवाले म्हणाले, पूड नळीलाच चिकटते. यंत्रवाले म्हणाले, म्हाताऱ्या छातीत एवढा जोर कुठला? साहेब म्हणाले, मांजरीसाठी आपण उत्पादन काढत नाही. भावोजी दोन्ही खात्यांच्या मधल्या बाकावर डबा उघडून बसायचे आणि दोघांनाही ताईच्या हातची सोलकढी पाजायचे. शेवटी एक नमुना झाला. डॉक्टरांना दाखवून, त्यांच्याकडून आबांसाठीची कॅप्सूल लिहून घेऊन, भावोजींनी तो घरी आणला. पण आधी त्यांनी ती नळी रिकामीच आबांच्या हातात दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा व्याख्यान न देता बाजूला बसले.

आबांनी नळी उलटसुलट केली. भोकातून उजेडाकडे पाहिलं. "ह्यो तर आमचो धोटो," ते म्हणाले. साच्यावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातलं सूत संपलं की नवीन सुताचं टोक त्याच्या बारीक भोकातून काढायला साचेवाले धोट्यालाच तोंड लावत आणि एका झटक्यात श्वास ओढून सूत बाहेर काढत. आबांनी उभा जन्म तेच केलं होतं. त्याच ओढीबरोबर कापसाची धूळही छातीत गेली होती. त्यांनी नळी ओठांत धरली, डोळे मिटले आणि ओढली. असा स्वच्छ झटका की पूड उडवायला आत बसवलेलं चाक सुर्रकन फिरलं. एवढाच काय तो आवाज. बाबीणीने एक कान हलवला आणि पुन्हा झोपली.

पुढे औषध सुरू झालं. लगेच काही जादू झाली नाही. पण छातीचा भाता हळूहळू मऊ झाला. एका संध्याकाळी आबांनी खुर्चीतूनच हाक मारली, "अरे, माज्यो व्हाणो खंय?" चपला! ताईने पलंगाखाली पाहिलं, भावोजींनी माळा उपसला. चपला लागणार नाहीत असं धरूनच कधीतरी त्या कुणीतरी कुणाला तरी देऊन टाकल्या होत्या. आबांसमोर हे कसं सांगायचं म्हणून दोघं एकमेकांकडे बघत राहिली. शेवटी भावोजींनी वाकून स्वतःच्या चपला त्यांच्या पायांत घातल्या आणि त्यांना धरून, मजल्यामजल्यावर थांबत, अनवाणी नाक्यापर्यंत गेले.

कंपनीने ती नळी बाजारात आणली नाही. दुसऱ्या मोठ्या कंपन्यांच्या तशा नळ्या आल्या, त्या जास्त चांगल्या होत्या, असं भावोजी स्वतःच सांगतात. बाबीण गेली, काही वर्षांनी आबा गेले. चाळीच्या जागी टॉवर झाला. मागच्या महिन्यात माझ्या तपासणीसाठी भावोजी आणि मी परळच्या एका हॉस्पिटलात बाकावर बसलो होतो. मी त्यांना काहीतरी सांगत होतो आणि ते ऐकत नव्हते. समोर एका अनोळखी म्हाताऱ्याने पिशवीतून नळी काढली, कॅप्सूल घातली, फिरवली. भावोजी सरळ होऊन बसले. म्हाताऱ्याने श्वास ओढला, तेव्हा यांचीही छाती भरत गेली, आणि त्याने तो सोडेपर्यंत यांनीही सोडला नाही.