मोहाखालचं लेकरू

वडशाच्या नाटकमंडळ्यांना पडदे लागत ते सोमाजीचेच. महाल, जंगल, नदी तो डोळे मिटून रंगवी. चौऱ्याऐंशीच्या हंगामात मालक बिरजूभाऊने इंग्रजी अमलातल्या दुष्काळाचं नाटक बसवलं आणि दुष्काळाचा पडदा मागितला.

सोमाजीला उपाशी चेहरा एकच ठाऊक होता, थोरल्या बहिणीचा. महायुद्धाच्या दिवसांत धान्य संपलं, आईबाप मेले, तेव्हा गिरजा माहेराहून सासरी निघाली. तान्ही लेक कडेवर, पाय सुजलेला धाकटा भाऊ सोमाजी पाठीवर. दोघांचं ओझं तिला पेलेना. वाटेत तिने लेक मोहाच्या झाडाखाली ठेवली आणि भावाला घेऊन पुढे गेली. सासरी सांगितलं, तापाने गेली. खरं काय ते या दोघांनाच माहीत.

सोमाजीने मोह रंगवला, हात पसरून रडणारं लेकरू रंगवलं, आणि मागे वळून पाहत चालणारी बाई. बाई म्हटली की कपाळावर गोंदण हवंच. हात सवयीने चालला आणि गिरजाचंच गोंदण उमटलं, चंद्रकोर अन् खाली आडवी रेघ. गावोगाव तो पडदा सुटला की बायका डोळ्यांना पदर लावत. इतकं चांगलं त्याने जन्मात काढलं नव्हतं.

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेसाठी गिरजाच्या गावचं बोलावणं आलं तेव्हा तो फडकं घेऊन पडद्यापाशी गेला. सरसात कालवलेले रंग ते; ओल्या फडक्याने चेहरा पुसला गेला असता. त्याने मालकाला विचारलं.

"पुस ना," बिरजूभाऊ म्हणाला. "मंग काय तुह्यं तोंड दाखवू लोकायले?"

नट हसले. सोमाजीही हसला आणि फडकं ठेवून दिलं. खरं तर त्यालाच तो चेहरा पुसवत नव्हता.

गिरजाबाई सुनेसोबत पुढेच बसली होती, मांडीवर निजलेला नातू. पडदा सुटला. इथे कोणी रडलं नाही. एकीने गोंदण ओळखलं आणि कुजबुज मागच्या रांगांपर्यंत गेली: सोमाजीनं बहिणीलेच काढलं, म्हणजे पोरगी तापानं नाई गेली. सून कमळा उठली. तिने सासूच्या मांडीवरचं पोर उचललं आणि पलीकडे जाऊन बसली.

नाटक संपल्यावर गिरजाबाई मंचामागे आली. ती शिव्या देईल असं सोमाजीला वाटलं. तिने पडद्यावर बोट फिरवलं, लेकराच्या तोंडापाशी थांबवलं.

"माह्या पाठीवर तू होता ना रे," ती म्हणाली. "तुले काऊन नाई काढलं?"

"जागा नव्हती, बाई."

तिने पडद्यावरच्या मोकळ्या आभाळाकडे पाहिलं, आणि एकटीच घराकडे निघाली.