मोजलेला सामना

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलेलं काम म्हणजे एक फळ खाणं. हिरानं ते दुपारी काशीमीऱ्याच्या नाक्यावरच्या हातगाडीवरून आणलं होतं. बाहेरून गुलाबी, अंगावर हिरवट पापुद्रे. गाडीवाल्याला नाव विचारलं तर तो म्हणाला, ड्रॅगन. मी म्हटलं, "हे कशाला आणलंस? पोटात गेल्यावर काय होईल माहीत आहे का?"

"म्हाईत न्हाय म्हनूनच आनलं. बगू तं, आत काय हाय."

तिनं विळीवर चिरलं. आत पांढरा गर आणि तिळासारखे काळे दाणे. एक फोड तिनं सावकाश चावून बघितली. मग म्हणाली, "गोलकी, याला चव न्हाय. नुसता रंग हाय." तरी अर्धं संपवलं, अर्धं मला खायला लावलं, ताटली धुतली आणि आडवी झाली. चहाला हाक मारायला गेलो तर उठली नाही. झोपेतच गेली, असं डॉक्टर म्हणाला. अंधार पडायच्या आत पोरांनी सगळं उरकलं.

गोलकी म्हणजे मी. माझं नाव तिनं कधी घेतलं नाही, आणि 'अहो' तर नाहीच नाही. मी चौथी शिकलेला माणूस, रत्नागिरीकडून येऊन काशीमीऱ्याला ट्रकच्या गॅरेजमध्ये लागलेला. तेव्हा साठ साल संपत आलं होतं. हायवेला दोन हॉटेलं, चार गॅरेजं आणि बाकी सगळी भातशेती नि मिठागरं. भात कापलं की इथल्या गावांची फुटबॉलची लीग सुरू व्हायची. काशी, पेणकरपाडा, वरसावे, असे पाचसहा संघ. मी उंच होतो आणि मला पळता यायचं नाही, म्हणून काशीवाल्यांनी मला गोलात उभं केलं.

पेणकरपाड्याला पहिल्यांदा खेळायला गेलो तेव्हा मैदानावर चेंडू नव्हता, बायका होत्या. कापलेल्या खाचरात पाणी शिंपडून, एकमेकींच्या कमरेला धरून, रांगेनं माती तुडवून घट्ट करत होत्या. पाय सगळ्यांचे एकदम पडायचे. मी सगळ्यात शेवटच्या पोरीला विचारलं, "हे काय चाललंय?"

"पाय मारतंव. मिठागरात तल धरायला मारतंव तसा. न्हायतर तुमचं पाय मोडतील धसकटांत." मग माझ्या पायांकडं बघून म्हणाली, "तू गोलकी ना? पाय तसंच हायत. खांबावानी."

ही हिरा. माणसाचं तोंड बघायच्या आधी ती पाय बघायची. आणि प्रश्न विचारायची. उत्तर मिळेपर्यंत तिथनं हलायची नाही. त्या दिवशी सामना संपल्यावर ती लीगच्या अध्यक्षांपुढं जाऊन उभी राहिली. अध्यक्ष म्हणजे मिठागराचे मुकादम. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे.

"भाऊ, जागा आमी करतंव. खेलता तुमी. आमी कवा खेलनार?"

भाऊ हसले. "खेळा की. आमचं झालं की खेळा. लोकांची करमणूक होईल."

"गोल मोजनार का?"

"बायकांचे गोल कशाला मोजायचे?"

"मंग न्हाय खेलत. आनि पाय पन मारत न्हाय."

लोकांना वाटलं, पोरगी बोलली आणि विसरली. पुढच्या रविवारी मैदानावर एकही बाई आली नाही. जमीन भेगाळलेली, धसकटं उभी. वरसाव्याचा चांगला खेळाडू खेकड्याच्या बिळात पाय घालून बसला तो खेळ संपेपर्यंत उठला नाही. आमच्यातल्या दोघांचे घोटे सुजले. पुरुषांनी स्वतः पाय मारून बघितले. प्रत्येकाचा पाय वेगळा पडायचा आणि मग एकमेकांवर ओरडायचे. मुकादमांना शेवटी बायकांपुढं जावं लागलं.

तेव्हा हिरानं जे मागितलं ते मी आजपर्यंत दुसरीकडं कुठं ऐकलं नाही. गावाच्या पुरुषांचे गोल आणि गावाच्या बायकांचे गोल, दोन्हींची बेरीज करायची, आणि त्यावर गाव जिंकणार की हरणार ते ठरवायचं. भाऊंनी मान्य केलं, पण एक अट घातली. बायकांनी एक जरी सामना अर्धवट सोडला, तर लीगमधून बायकांचं नाव कायमचं काढायचं. सासूनं हाक मारली म्हणून निघून जायचं चालणार नाही.

हिरा म्हणाली, "बगू तं काय व्हतंय."

काय झालं ते सांगतो. जे नवरे म्हणत होते बायकांना काय कळतंय, तेच बायकांच्या हातातली भांडी काढून घ्यायला लागले. "अगं, जा की सरावाला, वरसाव्याच्या पोरी रोज खेळतायत." सामन्याला बाप्ये कडेला उभे, काखेत पोरं. पोरं रडायची आणि बाप्ये तिथनंच ओरडायचे, "डावीकडं दे ग, डावीकडं." बायका लुगड्याचा काष्टा घट्ट मारून अनवाणी खेळायच्या.

हिरा फारशी पळत नसे. ती मधे उभी राहून समोरच्याच्या पायाचा अंगठा बघायची. चेंडू कुठं जाणार ते अंगठ्याला आधी कळतं, असं तिचं म्हणणं. मला पटलं नाही. मी म्हटलं, मार मला पेनल्टी. तिनं मारलेली एकही मला अडवता आली नाही. "तू कनच्या बाजूला उडी मारनार ते तुजा अंगठा सांगतंय," ती म्हणाली. मी पुढं बूट घालून उभा राहिलो. तरी गोल झाले. हे तिला कसं कळायचं, ते लग्नानंतरही तिनं सांगितलं नाही.

त्या सालचा शेवटचा सामना काशी आणि पेणकरपाडा यांचा, होळीच्या पुनवेला. सकाळचं थंड ऊन पुरुषांना आणि दुपारचं बायकांना, ही आमची रीत. पुरुषांत आम्ही एका गोलानं जिंकलो. मग बायकांत हिरानं एक गोल मारला. बेरीज सारखी झाली. पुढं थोडाच खेळ राहिला होता, आणि मिठागराकडून आरोळी आली. भरतीनं बांध फोडला होता.

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. बांधाला खांड पडली की माणूस जेवत असला तरी उठतो. पाणी आत शिरलं की सगळ्या हंगामाचं मीठ गेलं. कडेची सगळी माणसं धावली. बायका जागेवर उभ्या राहून हिराकडं बघायला लागल्या, कारण गेलं की सामना अर्धवट. हिरानं शिट्टीवाल्या मास्तरला विचारलं, "तुमचं घड्याल थांबतंय का?"

मास्तर म्हणाला, "थांबवलं तर थांबेल."

"थांबवा मंग." तिनं चेंडू काखेत मारला आणि पळाली. तिच्यामागं बाकीच्या.

आम्ही चिखलाची ढेकळं हातोहात दिली, पेंढा टाकला, झावळ्या टाकल्या. हिरा कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून एका हातानं चिखल थापत होती, कारण दुसऱ्या हातात चेंडू होता. मी म्हटलं, "ठेव की तो खाली." म्हणाली, "ठेवला तं कोन घेऊन जाईल. मंग म्हनाल, चेंडू न्हाय, सामना संपला."

बांध धरला तेव्हा ऊन कललं होतं. सगळे घरी निघाले. भाऊ म्हणाले, "आता कसला खेळ? अर्धवट राहिला. ठरलं होतं."

"बांध कोनाचा व्हता, भाऊ?"

भाऊ बांधाकडं बघायला लागले.

"तुमचं मीठ वाचवाला गेलंव. सासूनं न्हाय बोलावलं."

आता आमच्या काशीच्या बायकांनी नाही म्हटलं असतं, तर काम तिथंच संपलं असतं. आणि त्या एका गोलानं मागं होत्या, त्यांनी नाही म्हणायला काही हरकत नव्हती. पण आमच्याकडची चंद्रा, चहाच्या हॉटेलातली, फार तोंडाची बाई, चिखलाचे हात लुगड्याला पुसत म्हणाली, "उभ्या राहा ग. हिला हरवल्याबिगर मला झोप नाही लागायची."

मास्तरनं घड्याळ सुरू केलं. आणि चंद्रानंच गोल मारला. हिरानं अंगठा बरोबर बघितला होता, पण चिखलानं तिचाच पाय सटकला. बायकांचा सामना बरोबरीत सुटला आणि बेरजेत काशी जिंकली. आम्ही ओरडत होतो. हिरा सरळ भाऊंकडं गेली.

"मोजला ना?"

"मोजला बाई."

"मंग झालं." आणि ती हसत घरी गेली. हरलेलं माणूस असं हसतं कसं, हे मला समजेना. ते बघायला मी पेणकरपाड्याला जायला लागलो. तिचा बाप म्हणाला, कोकण्याला पोरगी द्यायची का. माझी आई म्हणाली, आगऱ्याची पोरगी सून करायची का. हिरा म्हणाली, बगू तं काय व्हतंय. लग्न झालं.

लीग पुढं काही वर्षं चालली. मोठा पोरगा झाल्यावरही ती खेळली, आणि पोरगं माझ्या काखेत असायचं. मग जमिनी विकल्या गेल्या, खाचरं भरली, मैदान राहिलं नाही. पण घरात तिचं मोजणं चालूच होतं. मी म्हटलं, दिवसभर राबतो मी, की लगेच विचारायची, "आनि मी नलावरनं पानी आनलं ते मोजलं का?" मला मोजावं लागायचं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीतली माणसं भेटायला आली. दारापुढं मांडलेल्या खुर्च्यांवर बसली. सेक्रेटरी चांगला माणूस आहे, त्यानं सुरुवात केली. "आजी फार साध्या होत्या. कधी कुणाशी वाद नाही, कधी काही मागणं नाही. घर आणि त्या." बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझ्या पोरानंही डोलावली.

मी म्हटलं, "खोटं आहे हे."

पोरगा म्हणाला, "बाबा, राहू द्या." मी म्हटलं, राहू नाही द्यायचं. सेक्रेटरीला उठवलं, चपला काढायला लावल्या, खुर्च्या मागं सारल्या. गोल इथं, बांध तिकडं, चंद्रा इथं उभी, असं दाखवत त्यांना सगळा सामना सांगितला. कोणीतरी विचारलं, मग आजी जिंकल्या का. मी म्हटलं, नाही, हरली. आणि पुरुषांचा एक, बायकांचा एकास एक, अशी बेरीज त्यांच्याकडून करून घेतली, मग त्यांना चहा दिला.