अरुणकुमार ठणठणीत कसे?

द्वारकाताई इथे कुवेतमध्ये, सालमियातल्या एका लॅबमध्ये अठरा वर्षं लोकांचे शौचाचे नमुने तपासतात. बाई गुणी, पण जेवताना शेजारी नको. आपण 'कशी आहेस' विचारतो, तिथे त्या "पातळ की घट्ट?" विचारतात.

ऑगस्टात फिंतासच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाची डबा पार्टी झाली आणि आठवड्याभरानं निम्मं मंडळ संडासात मुक्कामाला गेलं. मीही. खापर फुटलं मंदाकाकूंच्या मिसळीवर. बँकेतले अरुणकुमार, ज्यांना जन्मात स्वतःचा चहा करता आला नाही, तावातावानं म्हणाले, "यंदा गणपतीचे मोदक हॉटेलातून आणू!" बावीस वर्षं मोदक काकूच करत होत्या. मला फार वाईट वाटलं, पण तेव्हा मला उठून उभं राहणंही धोक्याचं होतं.

द्वारकाताई मात्र चवताळल्या. त्यांनी घरोघरी जाऊन नमुने मागितले. अरुणकुमारांच्या बायकोनं, क्षितिजानं, स्वतःचा नमुना चक्क श्रीखंडाच्या डब्यात दिला. त्या ब्रँडचं श्रीखंड मी सोडलंय.

खास रंग देऊन पाहिल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली गोल गोल परजीवी दिसले. "हे मेले पोटात गेल्यावर आठवडाभर गप्प बसतात," ताई म्हणाल्या. "पण शिजवलं की मरतात. मिसळ तर रटरटत होती. कच्चं काय खाल्लंत?"

मग यादी केली. मिसळीला हात न लावलेलेही आजारी होते, आणि तीन प्लेटी हाणणारे अरुणकुमार ठणठणीत! ताईंनी त्यांना घरी गाठलं.

"तुम्ही काय खाल्लं नाहीत?"

"सगळं खाल्लं हो."

"सगळं?" क्षितिजा आतून ओरडली. "कोथिंबीर वेचून माझ्या ताटात टाकता ती? पान न् पान!"

ताईंनी यादीत कोथिंबीर लिहिली आणि तिच्यापुढे स्वतःचं नाव. पार्टीच्या दिवशी खालच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याच्या दुकानातून, जुडी आणून, घाईत एकदा नळाखाली धरून, 'जरा शोभा येते' म्हणत सगळ्यांच्या डब्यांवर कोथिंबीर भुरभुरवत फिरल्या होत्या त्या स्वतः.

लॅबनं रीतसर आरोग्य खात्याला कळवलं. मंडळाला कळवायचं काम ताईंचं होतं. बैठकीत त्या उभ्या राहिल्या. "कोथिंबीर माझी होती. काकूंच्या मिसळीत काही नव्हतं." अरुणकुमार चपलांकडे बघत राहिले.

मंदाकाकू म्हणाल्या, "द्वारका, चतुर्थीला पहाटे ये मोदक वळायला."

"मी? एवढं होऊनही?"

"ये गं. मोदकावर कोथिंबीर घालत नाहीत."