बारा फूट पाण्याखाली आमचे हे

आमच्या घरात सगळे फॉर्म मी भरते. बँकेचे, विम्याचे, गॅसचे, सोसायटीचे. ह्यांचं काम फक्त सही. लग्नाला तीस वर्षं झाली, पण वर काय लिहिलंय ते चष्मा लावून ह्यांनी एकदाही वाचल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरींनी स्कूबा डायव्हिंगचा फॉर्म पाठवला, तेव्हा तोही मीच भरला. बेंगळुरात, एचएसआर लेआउटमधल्या आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, एकीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजत.

फॉर्ममध्ये प्रश्नच प्रश्न होते. दमा आहे का, कानाचा त्रास आहे का, कधी शुद्ध हरपली आहे का. सातवा प्रश्न होता: हृदयविकार, हृदयाची शस्त्रक्रिया किंवा अँजिओप्लास्टी झाली आहे का? मी क्षणभर थांबले. मग वरच्या सहा खुणांच्या खाली तशीच सातवी खूण केली, ‘नाही’च्या चौकटीत. ह्यांनी सही केली.

आमच्या ह्यांच्या हृदयात दोन स्टेंट आहेत.

हे गुपित कसं झालं ते सांगते. अडीच वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. मी म्हटलं, आदल्या दिवशीची मिसळ. ऍसिडिटीचं गुलाबी औषध दोन चमचे पाजलं, ओवा चावायला दिला आणि पाठीवरून हात फिरवत बसले. पाऊण तास. ह्यांचा बनियन घामाने चिंब झाला, तरी मी पंखाच वाढवत होते. शेवटी मुलीने टॅक्सी बोलावली, म्हणून माणूस वाचला. तो पाऊण तास माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही आणि मला नाही वाटत कधी जाईल.

नेमकं तेव्हाच मुलीचं जमत होतं. मुलगा चामराजपेटचा. तीन पिढ्यांपासून बेंगळुरात असलेलं बेळगावकडचं घर, लग्नपत्रिकांचा छापखाना. माणसं चांगली, पण मला धास्ती बसली, की वडिलांना हृदयाचं दुखणं म्हटल्यावर मुलीकडेही वाकड्या नजरेने बघतील. हे म्हणाले, “झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगूच नको.” मग आम्ही मूतखडा झाल्याचं जाहीर केलं. मुलीलाही तोंड बंद ठेवायला सांगितलं. ती चिडली, रडली, पण गप्प राहिली. होणाऱ्या विहीणबाईंनी मूतखड्यावर गुणकारी म्हणून डबाभर हुरळीचं, म्हणजे कुळथाचं सार पाठवलं. ते सार गरम करताना मला स्वतःची लाज वाटली होती. लग्न झालं, वर्ष होत आलं, पण मूठ उघडायचा मुहूर्त काही सापडेना.

आणि आता हे स्कूबा.

मंडळाला ही बुद्धी सुचायला कारण घडलं होतं. मागच्या गणेशोत्सवात लेझीम खेळता खेळता आमच्यातले एक गृहस्थ घेरी येऊन पडले. आठ जण धावले. एकाने कांदा हुंगवला, एकाने चप्पल, आणि एका उत्साही बाईंनी बेशुद्ध माणसाच्या तोंडात तांब्याने पाणी ओतलं. त्यांना असा ठसका लागला की घेरी परवडली. ते वाचले ते आमच्यामुळे नव्हे, आमच्या तावडीतून. मग कमिटीने ठरवलं, की सगळ्यांना प्रथमोपचार शिकवायचे. मालवणकडचं एक तरुण जोडपं शिकवायला मिळालं. त्यांचा खरा व्यवसाय डायव्हिंगचा. नुसत्या प्रथमोपचाराला कोणी येत नाही, सोबत स्कूबा ठेवा, मग बघा, असं त्यांनीच सुचवलं. खरंच पहिल्या दिवसात तीस नावं आली. त्यात आमचे हे, आमचे जावई आणि आमची मुलगी.

“तुम्ही नाही गेलात तर?” मी ह्यांना विचारून पाहिलं.

“जावयांनी स्वतः नाव दिलंय माझं. काय कारण सांगू, मूतखडा?” हे म्हणाले. वर हसले. मला हसू आलं नाही.

त्या रविवारी सकाळी हेब्बाळच्या बाजूच्या एका जुन्या तरणतलावावर सगळे जमलो. खोल टोकाला बारा फूट पाणी. चार-चार जणांनी पाण्यात उतरायचं, बाकीच्यांनी काठावर प्रथमोपचार शिकायचे. विहीणबाईही डब्यात उप्पिट घेऊन आल्या होत्या. लेकाची गंमत बघायला आले म्हणाल्या. पहिल्या चौकडीत हे होते. काळा सूट, पाठीवर सिलिंडर, कंबरेला शिशाची वजनं. पोट आत घेऊन ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात हलवला. पुढच्याच मिनिटाला तो हात पाण्याखाली गेला.

मी काठावर चटईवर बसले होते, शेजारी विहीणबाई. समोर त्या जोडप्यातली मुलगी गुडघ्यांवर बसून रबरी पुतळ्याची छाती दाबून दाखवत होती. तिचा नवरा पाण्याखाली चौघांना सांभाळत होता. पाण्यावर बुडबुड्यांच्या पाच रांगा दिसत होत्या, चौघांच्या चार आणि त्याची एक. त्यातली ह्यांची कुठली, हे मला कळेना. तीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याचा श्वास ओळखता येऊ नये. मी आपली पाचही मोजत राहिले. पाच आहेत, म्हणजे पाचही जण जिवंत आहेत.

“आता हार्ट अटॅकची लक्षणं,” ती मुलगी म्हणाली. “छातीत जडपणा, दरदरून घाम, जबडा किंवा हात दुखणं. आपल्याकडे काय होतं, घरचे म्हणतात ऍसिडिटी आहे. ओवा देतात, पाठ चोळतात. तिथेच वेळ जातो.”

माझ्या कानांत दडे बसले. मला वाटलं, हिला कोणीतरी सांगितलंय. सगळी चटई माझ्याकडे बघतेय असं वाटलं, पण सगळे पुतळ्याकडे बघत होते.

मग कोणीतरी विचारलं, “पाण्याखाली असं काही झालं तर हो?”

“म्हणून तर आपण फॉर्म घेतो,” ती शांतपणे म्हणाली. “हृदयाचा त्रास असलेल्यांना डॉक्टरांच्या पत्राशिवाय आम्ही खाली नेतच नाही. अंगावर पाण्याचा दाब येतो, हृदयावरचा भार वाढतो. आणि खाली माणसाला बोलता येत नाही.”

खाली माणसाला बोलता येत नाही. वर तरी मी कुठे बोलत होते? मी चटई घट्ट धरली. उठावं, ओरडावं, वर आणा म्हणावं, असं शंभरदा वाटलं. पण शेजारी विहीणबाई होत्या. ओरडले तर अडीच वर्षांचं खोटं त्यांच्या मांडीवर पडणार होतं. आपली मुलगी त्यांच्या घरात नांदते. उद्या तिला कोणत्या तोंडाने राहायला लावायचं? एकीकडे नवरा, एकीकडे लेक, आणि मी बुडबुडे मोजत बसलेली. एवढी भित्री बाई मी जन्मात पाहिली नव्हती.

“अक्का, स्वल्प उप्पिट घ्या की,” विहीणबाईंनी डबा पुढे केला. “सकाळधरनं काय खाल्लं न्हाई तुम्ही. तोंड कसं पांढरं पडलंय बघा.”

मी एक घास घेतला. तेवढ्यात पाण्याकडे पाहिलं तर बुडबुड्यांच्या चारच रांगा होत्या.

पुन्हा मोजल्या. चार. डोळे पुसून मोजल्या. चार.

मी कशी उठले ते मला माहीत नाही. उप्पिटाचा डबा उलटला एवढं आठवतं. “वर काढा! त्यांना वर काढा!” मी ओरडत काठाकडे धावले. “त्यांना स्टेंट आहेत! दोन! हार्ट अटॅक येऊन गेलाय! फॉर्म मी भरलाय, खोटा भरलाय! वर काढा त्यांना!”

ती मुलगी एका उडीत शिडीपाशी पोचली आणि तिथल्या लोखंडी पाइपने शिडीवर ठणठण ठोकू लागली. खाली तिच्या नवऱ्याला तो इशारा होता. “घाबरू नका काकू, येतायत,” ती म्हणाली. “पण हळूच आणायला लागतं. श्वास रोखून झटकन वर आलं तर फुप्फुसाला इजा होते.” मी पाण्याकडे बघत हात जोडून उभी होते. सगळे देव आठवले, आणि ह्यांच्याशी आठवड्यापूर्वी टीव्हीच्या रिमोटवरून भांडले होते तेही आठवलं.

आधी एक डोकं वर आलं. ते ह्यांचं नव्हतं. दुसरं, तिसरं. नव्हतं. मग माझ्या अगदी पायाखाली, भिंतीला चिकटून, हे वर आले. काठाच्या आडोशाला असल्यामुळे ह्यांचे बुडबुडे मला बसल्या जागेवरून दिसत नव्हते, इतकंच. हे ठणठणीत होते.

“काय झालं? कोण बुडालं?” ह्यांनी मास्क काढत मोठ्याने विचारलं. कानात पाणी गेलं होतं ना.

मला रडू फुटलं. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि ह्यांच्या ओल्या दंडाला धरून हमसून रडले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गप्प झालेल्या तीस लोकांकडे पाहिलं, आणि त्यांच्या सगळं लक्षात आलं. “सांगितलंस?” एवढंच म्हणाले. त्यांना बाहेर घेतलं, टॉवेल गुंडाळला, त्या मुलीने नाडी बघितली आणि घरी जाताना आधी डॉक्टरांकडे जायचं असं बजावलं. मला ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आता विहीणबाई. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होत नव्हती. त्या चटईवर तशाच बसून होत्या, सांडलेल्या उप्पिटाशेजारी. मी जवळ जाऊन म्हटलं, “विहीणबाई, फसवलं आम्ही तुम्हाला. मूतखडा वगैरे काही नव्हतं. मला काय हवं ते बोला, पण माझ्या लेकीला बोलू नका. तिला आम्ही गप्प बसवलं होतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या माझ्या पलीकडे बघत होत्या, उथळ टोकाकडे. तिथे दुसरी चौकडी तयार होत होती. आमचे जावई सिलिंडर चढवून उभे होते आणि माझी मुलगी वाकून त्यांचा पट्टा आवळत होती. ह्यांच्या गोंधळात त्यांना कोणी थांबवलं नव्हतं.

विहीणबाई उठल्या. चपला तशाच टाकून, साडीचा ओचा हातात धरून, निसरड्या फरशीवरून भराभर चालत गेल्या. आयुष्यात मी त्यांना एवढं भराभर चालताना पाहिलं नव्हतं.

“इल्ली बा,” त्या लेकाला म्हणाल्या. इकडे ये. “काढ ते. काढ म्हणते ना.”

“अम्मा, प्लीज,” जावई हळू आवाजात म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता.

विहीणबाई त्या शिकवणाऱ्या मुलीकडे वळल्या. “ह्याला बी पाण्यात सोडू नका बाई. फिट येतात ह्याला. धा वर्षाचा होता तवापासनं. गोळ्या चालू हाईत. चार वर्षांत आली न्हाई, पण पाण्यात आली तर काय करायचं आम्ही?” मग त्यांचा आवाज फुटला. “लग्न मोडंल म्हणून बोललो न्हाई. तुमच्यासारखंच, अक्का. तुमच्यासारखंच.”

ह्यांच्यासाठी जी भीती वाटली होती ती आताच्या भीतीपुढे काहीच नव्हती. वर्षभर माझी लेक या माणसाबरोबर राहत होती. दोघंच गाडीने फिरायला जात होती, तो गाडी चालवायचा. दोघंच घरी असायची. आणि तिला कोणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

माझी मुलगी अजून पट्टा धरून उभी होती. मला वाटलं, आता ती ओरडेल. नवऱ्यावर, सासूवर, माझ्यावर. पण तिनेही वर्षभर नवऱ्यापासून बापाचं दुखणं लपवलं होतं. रागावायची सोयसुद्धा आम्ही तिच्यासाठी ठेवली नव्हती. तिने सावकाश पट्टा सोडला, सिलिंडर उतरवून घेतला, खाली ठेवला. जावई मान खाली घालून म्हणाले, “सांगणार होतो. रोज ठरवत होतो.”

माझी लेक त्यांच्याकडून वळली. त्या मालवणच्या मुलीला म्हणाली, “फिट आली तर काय करायचं? मला शिकवा. आत्ता.”

ती मुलगी पुतळा आणायला वळली.

“पुतळा नको,” माझी लेक म्हणाली. “ह्याच्यावर दाखवा.”

मग जावई चटईवर आडवे झाले. जवळचं सामान कसं बाजूला सारायचं, डोक्याखाली काय ठेवायचं, तोंडात चमचा किंवा बोट का घालायचं नाही, हातपाय का दाबून धरायचे नाहीत, घड्याळ का बघायचं, झटके थांबल्यावर कुशीवर कसं वळवायचं, हे ती मुलगी सांगत गेली. माझी लेक गुडघ्यांवर बसून ऐकत होती. मग तिने नवऱ्याच्या खांद्याला आणि गुडघ्याला धरलं आणि त्याला कुशीवर वळवायला लागली. पहिल्यांदा जमलं नाही. त्याने डोळे मिटून घेतले होते आणि पापण्यांखालून पाणी वाहत होतं.

“परत,” ती म्हणाली, आणि तिने त्याला पुन्हा उताणा केला.